मोर्स शिका, पण कानाने : टिंब-रेघेच्या संकेतलिपीचा पायरी-पायरीने अभ्यास

मोर्स संकेत शिकायला बसणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी एक चूक करतात. ते सव्वीस अक्षरांचा तक्ता समोर ठेवतात आणि टिंबे व रेघा डोळ्यांनी पाठ करू लागतात. शाळेत असताना मीही तेच केले. आठ दिवसांत तक्ता तोंडपाठ झाला आणि तो म्हणून दाखवण्यासाठी मी आमच्या वाड्यातल्या निवृत्त तारमास्तरांकडे गेलो. काकांनी तक्त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते तोंडाने म्हणाले, "डा-डि-डा. सांग, कोणते अक्षर?" मी मनात रेघ, टिंब, रेघ अशी आकृती मांडली, ती तक्त्यात शोधली आणि 'के' असे उत्तर दिले. तोवर काकांची पुढची चार अक्षरे म्हणून झाली होती. "तू अक्षर ऐकत नाहीस, मोजतोस," ते म्हणाले. "वही मीट आधी." डोळ्यांनी पाठ केलेला तो तक्ता विसरायला मला पुढे कित्येक महिने लागले. हा लेख वाचणाऱ्यांचे ते महिने वाचावेत, एवढ्यासाठी ही सारी पद्धत क्रमाने मांडत आहे.

काकांचे म्हणणे मोर्सच्या इतिहासातही सापडते. सॅम्युअल मोर्स यांनी २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला गाजलेला संदेश पाठवला, तेव्हा पलीकडच्या यंत्राने कागदाच्या फितीवर खुणा उमटवल्या होत्या आणि त्या डोळ्यांनी वाचायच्या होत्या. पण तारघरांत काम करणाऱ्या माणसांच्या लवकरच लक्षात आले की यंत्राच्या आवाजावरूनच मजकूर कळतो आणि फितीपेक्षा कान जलद चालतो. मग फितीची जागा नुसता आवाज करणाऱ्या 'साउंडर'ने घेतली आणि 'कट्ट-कडकट्ट' हा तारघराचाच आवाज होऊन बसला. आज आपण जी लिपी वापरतो ती मूळ अमेरिकी लिपीही नाही. जर्मनीतील फ्रीड्रिख गेर्के यांनी १८४८ मध्ये तिच्यात सुधारणा केल्या आणि १८६५ च्या पॅरिस परिषदेनंतर तेच रूप आंतरराष्ट्रीय ठरले. म्हणून जुन्या अमेरिकी पुस्तकातला तक्ता हाती लागल्यास त्यावरून शिकू नये. त्यातली काही अक्षरे वेगळी आहेत.

पहिली पायरी : वेळेचे माप

मोर्समध्ये टिंब आणि रेघ यांच्या बरोबरीनेच शांततेलाही माप आहे. टिंबाचा काळ एक मात्रा धरला, तर रेघ तीन मात्रांची असते. एकाच अक्षरातील दोन ध्वनींमध्ये एक मात्रेची, दोन अक्षरांमध्ये तीन मात्रांची आणि दोन शब्दांमध्ये सात मात्रांची शांतता ठेवायची असते. नवशिक्याचे पाठवणे कळत नाही ते बहुधा या शांततेतल्या चुकांमुळे. 'ए' (डि-डा) पाठवताना मध्ये जरा जास्त थांबले, तर पलीकडच्याला 'ई' आणि 'टी' अशी दोन अक्षरे ऐकू येतात.

वेग मोजण्यासाठी इंग्रजी 'पॅरिस' हा शब्द प्रमाण मानतात, कारण त्यानंतरच्या शब्दांतरासह त्याच्या बरोबर ५० मात्रा होतात. स्वतः करून पाहण्यासाठी आपल्या गावाचे नाव घ्यावे. इंग्रजी अक्षरांतील 'पुणे' म्हणजे पी, यू, एन, ई. पी (डि-डा-डा-डिट) ११ मात्रांचा, यू (डि-डि-डा) ७ मात्रांचा, एन (डा-डिट) ५ मात्रांचा आणि ई (डिट) एका मात्रेचा. त्यांत अक्षरांमधली तीन अंतरे, म्हणजे ९ मात्रा, आणि शेवटच्या शब्दांतराच्या ७ मात्रा मिळवल्या की बेरीज ४० होते. मिनिटाला १२ शब्दांचा वेग म्हणजे मिनिटाला ६०० मात्रा, म्हणजेच एक मात्रा सेकंदाच्या दहाव्या भागाची. त्या वेगाने 'पुणे' पाठवायला चार सेकंद पुरतात. ही बेरीज एकदा कागदावर स्वतः करावी आणि मग कागद बाजूला ठेवावा.

ध्वनी उच्चारण्याची एक ठरलेली रीत आहे. रेघेला नेहमी 'डा' म्हणतात, अक्षराच्या सुरुवातीच्या किंवा मधल्या टिंबाला 'डि' आणि अक्षराच्या शेवटी येणाऱ्या टिंबाला 'डिट'. लिहिताना आणि बोलताना हीच रीत पाळावी आणि 'टिंब-रेघ-टिंब' असे कधीही म्हणू नये, कारण त्या शब्दांना स्वतःचा ताल नाही.

दुसरी पायरी : लघु, गुरू आणि आठ गण

ज्याने शाळेत वृत्तांचे गण पाडले आहेत, त्याच्याकडे मोर्सची एक किल्ली आधीपासूनच असते. टिंब म्हणजे लघु आणि रेघ म्हणजे गुरू असे मानले, तर तीन अक्षरांच्या गणाचे जे आठ प्रकार होतात, तेच मोर्समधील तीन ध्वनींच्या अक्षरांचे आठ प्रकार आहेत. 'यमाताराजभानसलगा' या सूत्रातून ते क्रमाने असे निघतात :

य गण (यमाता) — डि-डा-डा — डब्ल्यू
म गण (मातारा) — डा-डा-डा — ओ
त गण (ताराज) — डा-डा-डिट — जी
र गण (राजभा) — डा-डि-डा — के
ज गण (जभान) — डि-डा-डिट — आर
भ गण (भानस) — डा-डि-डिट — डी
न गण (नसल) — डि-डि-डिट — एस
स गण (सलगा) — डि-डि-डा — यू

सूत्राच्या शेवटी उरणारे 'ल' आणि 'गा' म्हणजे ई आणि टी. ही इंग्रजीत सर्वांत जास्त येणारी अक्षरे असल्यामुळे लिपी रचतानाच त्यांना सर्वांत कमी वेळ दिलेला आहे. दोन ध्वनींची अक्षरे चार : आय (ल-ल), ए (ल-ग), एन (ग-ल), एम (ग-ग). चार ध्वनींची अक्षरे गणाच्या शेवटी एक लघु किंवा गुरू जोडून मिळतात. र गणापुढे लघु ठेवला की सी, गुरू ठेवला की वाय. य गणापुढे लघु म्हणजे पी, गुरू म्हणजे जे. त गणापुढे लघु म्हणजे झेड, गुरू म्हणजे क्यू. भ गणापुढे लघु म्हणजे बी, गुरू म्हणजे एक्स. न गणापुढे लघु म्हणजे एच, गुरू म्हणजे व्ही. स गणापुढे लघु म्हणजे एफ आणि ज गणापुढे लघु म्हणजे एल. चार ध्वनींच्या सोळा शक्यतांपैकी इंग्रजी अक्षरांसाठी एवढ्या बाराच वापरलेल्या आहेत. दोन, चार, आठ आणि बारा मिळून सव्वीस पूर्ण होतात.

मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयातात आहेत, त्या वृत्तात प्रत्येक चरणात चार य गण येतात. लहानपणी ते श्लोक एका चालीत म्हटलेल्या माणसाच्या कानात 'डब्ल्यू' हे अक्षर कधीच बसलेले असते, फक्त त्याला त्याचे हे नाव माहीत नसते.

मात्र तीन गोष्टींचे भान ठेवावे. वृत्तात गुरूच्या दोन मात्रा धरतात, मोर्समध्ये रेघेच्या तीन. त्यामुळे रेघ दीर्घ स्वरापेक्षा प्लुत स्वराच्या जवळची आहे आणि ती तितकी लांबवावी. वृत्तात चरणाच्या शेवटी लघुला गुरू मानण्याची सवलत असते, इथे ती अजिबात नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गणांचा उपयोग ताल एकदा मनात उतरवण्यापुरताच करावा. 'डा-डि-डा, म्हणजे र गण, म्हणजे के' असा तीन टप्प्यांचा जिना मनात बांधला, तर तो तक्त्याइतकाच आड येईल. एखादे अक्षर ओळखता आले की त्याच्या गणाचे नाव त्याच दिवशी सोडून द्यावे.

तिसरी पायरी : रोजचा सराव

१९३० च्या दशकात लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने शिकवण्याची जी पद्धत मांडली, तिच्याहून चांगली पद्धत माझ्या पाहण्यात नाही. तिच्यात पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने, पण फक्त दोन अक्षरे ऐकायची असतात. पुष्कळ अभ्यासक्रमांत ही दोन अक्षरे के आणि एम असतात. ती मिसळून पाच-पाचच्या गटांत ऐकावीत आणि जे कळेल ते लिहीत जावे. शंभरातली नव्वद अक्षरे बरोबर येऊ लागली की तिसरे अक्षर घ्यावे, पुन्हा नव्वदपर्यंत पोहोचावे आणि मग चौथे घ्यावे. के आणि एमनंतर वरच्या आठ गणांपैकी उरलेली सात अक्षरे घ्यावीत असे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना सांगतो, कारण त्यांत एकमेकांची उलट रूपे शेजारी येतात आणि डी व यू यांतला किंवा जी व डब्ल्यू यांतला घोटाळा सुरुवातीलाच मिटतो.

वेग कमी ठेवून शिकण्याचा मोह सर्वांना होतो, पण तो टाळावा. मिनिटाला पाच शब्दांच्या वेगात एक मात्रा जवळजवळ पाव सेकंदाची होते. तेवढ्या वेळात मन टिंबे मोजू लागते आणि मोजण्याची सवय एकदा लागली की दहा शब्दांच्या आसपास माणूस कायमचा अडकतो. त्याऐवजी फार्न्सवर्थ पद्धत वापरावी. प्रत्येक अक्षर मिनिटाला १८ ते २० शब्दांच्या वेगानेच वाजते, पण दोन अक्षरांमधली शांतता वाढवलेली असते. अक्षराचा नाद एकसंध राहतो आणि विचाराला उसंतही मिळते. सरावाच्या बहुतेक मोबाइल अ‍ॅपमध्ये अक्षराचा वेग आणि अंतराचा वेग वेगवेगळे ठेवण्याची सोय असते. ती शोधून वापरावी.

सराव दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटे करावा. रविवारी सलग तीन तास बसून आठवडाभर न ऐकणाऱ्याची प्रगती होत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. ऐकताना एखादे अक्षर निसटले, तर त्या जागी छोटी रेघ ओढून ताबडतोब पुढे जावे. हुकलेल्या अक्षराच्या मागे लागले की पुढची तीन हातची जातात. सरावाला यंत्र हवेच असेही नाही. शनिवारवाड्यावरून जाताना दुकानांच्या पाट्या आणि समोरच्या रिक्षाच्या नंबरातली अक्षरे मनातल्या मनात डि-डा करत म्हणत जाणे, हा मी वर्षानुवर्षे केलेला आणि सर्वांत फळलेला सराव आहे.

अंक सर्व पाच ध्वनींचे आहेत आणि त्यांची रचना सरळ आहे. एकमध्ये एक टिंब व चार रेघा, दोनमध्ये दोन टिंबे व तीन रेघा, असे करत पाचमध्ये पाचही टिंबे. सहामध्ये एक रेघ व चार टिंबे आणि शून्यात पाचही रेघा. अक्षरे पक्की झाल्यावर अंकांना आठवडा पुरतो.

चौथी पायरी : सरावाचे यंत्र आणि कळ

ऐकणे थोडे जमल्यावरच पाठवायला हात लावावा, कारण कानाने बरोबर ताल ओळखला नसेल तर हात चुकीचा ताल घट्ट करतो. सरावासाठी आवाज काढणारे छोटे मंडल (सर्किट) घरी बनवता येते आणि त्याचे सर्व भाग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात. ५५५ क्रमांकाची टायमर आयसी, एक किलोओहमचा एक, दहा किलोओहमचे दोन आणि शंभर ओहमचा एक रोधक, ०.१ मायक्रोफॅरडचा एक आणि दहा मायक्रोफॅरडचा एक संधारित्र (दुकानात 'कपॅसिटर' असेच मागावे), आठ ओहमचा लहान स्पीकर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि कळ, म्हणजे दाबून संकेत पाठवण्याचा स्विच, एवढेच साहित्य लागते.

पिन १ बॅटरीच्या ऋण टोकाला आणि पिन ८ धन टोकाला जोडावी. ८ आणि ७ या पिनांच्या मध्ये एक किलोओहमचा, तर ७ आणि ६ यांच्या मध्ये दहा किलोओहमचा रोधक बसवावा. पिन २ आणि ६ एकमेकींना जोडून त्यांच्यापासून ऋण टोकापर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा संधारित्र लावावा. पिन ३ पासून शंभर ओहमचा रोधक, मग दहा मायक्रोफॅरडचा संधारित्र (त्याचे धन टोक पिन ३ च्या बाजूला) आणि मग स्पीकर अशी ओळ करून स्पीकरचे दुसरे टोक ऋणाला न्यावे. उरलेला दहा किलोओहमचा रोधक पिन ४ आणि ऋण टोक यांच्यामध्ये बसवावा आणि कळ पिन ४ व धन टोक यांच्यामध्ये जोडावी. कळ दाबली की सुमारे ६८५ हर्ट्‌झचा सूर येतो आणि सोडली की थांबतो. कळ बॅटरीच्या तारेतच बसवली तरी मंडल चालते, पण तेव्हा प्रत्येक ध्वनीच्या सुरुवातीला सूर किंचित घसरतो आणि कानाला ते खटकते. म्हणून पिन ४ चा मार्ग घ्यावा.

कळ टेबलाच्या कडेपासून आत, पुढचा हात पूर्ण टेकेल इतक्या अंतरावर पक्की बसवावी. सरकणाऱ्या कळीवर कोणाचाही हात बसत नाही. दोन संपर्कांमधली फट एका पोस्टकार्डाच्या जाडीएवढी ठेवावी आणि स्प्रिंग एवढीच घट्ट करावी की बोट उचलताच कळ आपोआप वर येईल. तर्जनी आणि मधले बोट गुंडीवर, अंगठा बाजूला खालून हलका टेकलेला आणि हालचाल मनगटातून, असा हात असावा. नुसत्या बोटांनी टकटक करणाऱ्याचा हात लवकर दुखू लागतो. जुन्या तारमास्तरांना दिवसभराच्या अशा कामाने हाताचा आजार जडत असे. सुरुवातीला फक्त टिंबांची आणि फक्त रेघांची लांब माळ एकसारखी पाठवावी, ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी आणि दुसऱ्या दिवशी ऐकावी. स्वतःचे पाठवणे दुसऱ्या दिवशी स्वतःलाच कळले नाही, तर ते पलीकडच्याला कळणार नाही.

पाचवी पायरी : हवेतले संकेत

पुण्याचा या विद्येशी असलेला संबंध आता फारसा कोणाला आठवत नाही. १९२७ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात बीम पद्धतीची, म्हणजे एकाच दिशेने रोखलेल्या रेडिओलहरींची, बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा भारताकडचे प्रक्षेपण केंद्र खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. तारसेवा स्वतः जुलै २०१३ मध्ये बंद झाली. समुद्रावरील जहाजांच्या संकटसंदेशांच्या व्यवस्थेतूनही १९९९ मध्ये मोर्सची जागा उपग्रहाधारित व्यवस्थेने घेतली. हौशी रेडिओवर, म्हणजे छंद म्हणून चालवल्या जाणाऱ्या बिनतारी संचांवर, मात्र मोर्स आजही रोज ऐकू येतो आणि अभ्यासकाने तो ऐकावा. साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर तो नुसत्या फुसफुशीसारखा ऐकू येतो, कारण सूर तयार करणारी सोय त्यात नसते. सीडब्ल्यू (मोर्स ऐकण्याची) किंवा एसएसबी (एकपट्टी प्रक्षेपण ऐकण्याची) सोय असलेला संच, किंवा इंटरनेटवरून चालवता येणारा दूरस्थ संच वापरावा. ७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्याच्या अगदी तळाशी, संध्याकाळनंतर, मोर्स हमखास मिळतो.

प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी वयाची बारा वर्षे पूर्ण असावी लागतात. परवाना हाती येईपर्यंत कळ सरावाच्या मंडलालाच जोडलेली राहू द्यावी. परवान्यानंतरचे संभाषण ठरलेल्या चालीने होते. 'सीक्यू' म्हणजे कोणीही उत्तर द्या, त्यानंतर 'डीई' म्हणजे 'कडून', मग आपले संकेतनाम आणि शेवटी 'के', म्हणजे आता आपण बोला. समोरचा जलद पाठवत असेल तर 'क्यूआरएस' पाठवावे. हळू पाठवण्याची ती विनंती आहे, ती करण्यात संकोच बाळगू नये आणि कोणी केली तर लगेच मान द्यावा. चूक झाली तर सलग आठ टिंबे पाठवून तो शब्द पुन्हा सुरू करावा. 'एसओएस' हा संकेत १९०६ च्या बर्लिन परिषदेत ठरला आणि तो तीन अक्षरांमध्ये न थांबता नऊ ध्वनींची एकच माळ म्हणून पाठवतात. सराव म्हणून तो हवेत कधीही सोडू नये.

सहावी पायरी : प्रकाशाने

परवाना, संच, वीज यांपैकी काहीही नसताना मोर्स चालतो तो प्रकाशावर. १८६९ मध्ये कराचीत पर्शियन आखाताच्या तारखात्यात काम करणाऱ्या हेन्री मॅन्स यांनी आरशाने सूर्यप्रकाश परावर्तित करून संकेत पाठवणारा हेलिओग्राफ तयार केला आणि डोंगराळ मुलखात तो सैन्याने पुढे अनेक वर्षे वापरला. आपल्याला दोन इमारतींच्या गच्च्या आणि दोन विजेऱ्या पुरतात.

विजेरीचे बटण दाबून संकेत पाठवू नयेत. हल्लीच्या एलईडी विजेऱ्यांत प्रत्येक दाबाला मंद, प्रखर आणि लुकलुकता असा प्रकाश बदलतो आणि सगळा ताल मोडतो. विजेरी चालू ठेवून स्थिर टेकवावी आणि तिच्यापुढे पुठ्ठ्याचा तुकडा वरखाली करावा. डोळा कानापेक्षा मंद असल्यामुळे वेग मिनिटाला चार-पाच शब्दांवर ठेवावा आणि वाचणाऱ्याने मनात डि-डा म्हणतच वाचावे. वाचायला एक आणि लिहायला दुसरा अशी जोडी केली तर फार सोपे जाते, कारण वाचणाऱ्याला नजर खाली वळवावी लागत नाही. लेझर अजिबात वापरू नये. डोळ्यांना इजा होतेच, शिवाय लोहगावला उतरणाऱ्या विमानांच्या वैमानिकांनाही त्याचा धोका आहे.

हाक मारण्यासाठी 'ए ए' पुन्हा पुन्हा पाठवावे. समोरून टी, टी, टी अशी लांब उघडझाप दिसली की मजकूर सुरू करावा. प्रत्येक शब्दानंतर थांबावे. शब्द कळला असेल तर समोरून एक टी येईल, आला नाही तर तोच शब्द पुन्हा पाठवावा. मजकूर संपला की 'ए' आणि 'आर' ही अक्षरे मध्ये न थांबता जोडून पाठवावीत आणि समोरच्या गच्चीवरून डि-डा-डिट, म्हणजे 'मिळाले', दिसेपर्यंत जागा सोडू नये.